रानडुक्कर आणि तांबेरा: दोन टोकांच्या जिवांची तुलना करायची कशी

रानडुक्कर आणि तांबेरा, म्हणजे गव्हावर रोग आणणारी बुरशी, यांची तुलना करायला पहिल्यांदा बसलो तेव्हा मी रीतसर तक्ता आखला. डावीकडे वजन, उंची, आयुर्मान, वेग, दात, आवाज वगैरे, मध्ये डुक्कर, उजवीकडे तांबेरा. डुकराचा रकाना भराभर भरला. तांबेऱ्याच्या रकान्यात सलग सात वेळा 'लागू नाही' लिहिलं आणि आठव्या वेळी पेन थांबलं. ही तुलना नव्हतीच. ते डुकराचं प्रगतिपुस्तक होतं आणि तांबेरा सगळ्या विषयांना गैरहजर होता.

खोट प्रश्नांत होती. दात किती, वेग किती, हे प्रश्न मी डुकराच्या अंगावरून उचलले होते. उलट बाजूने निघालो असतो, बीजाणूंचे (बुरशी ज्यांतून पसरते त्या सूक्ष्म कणांचे) प्रकार किती आणि यजमान वनस्पती, म्हणजे ती ज्यांच्यावर जगते त्या, कोणत्या असं विचारलं असतं, तर डुक्कर नापास झालं असतं. दोघांनाही उत्तर देता येईल असे प्रश्न शोधणं, हेच या कामातलं खरं कष्टाचं. पुढची पद्धत त्यासाठीच आहे. तुमची जोडी कोल्हा आणि काणीची असो की अस्वल आणि भुरीची (काणी आणि भुरी याही पिकांवरच्या बुरशीच), पायऱ्या बदलत नाहीत.

पायरी १: दोघांना एकाच पातळीवर आणा

'तांबेरा' हे एका जातीचं नाव नाही. गव्हावर तीन तांबेरे येतात: खोडावरचा काळा, पानावरचा तपकिरी आणि पट्ट्यापट्ट्यांनी येणारा पिवळा. तिन्ही पक्सिनिया या प्रजातीतले, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटातले, पण जाती वेगळ्या. एका बाजूला 'रानडुक्कर' ही एक जात आणि दुसऱ्या बाजूला 'तांबेरा' हे अख्खं खानदान, अशी जोडी लावली तर पुढचं सगळं घसरतं. म्हणून मी काळा तांबेरा घेतला, पक्सिनिया ग्रामिनिस. समोर रानडुक्कर, सुस स्क्रोफा. डुकराच्या बाजूलाही सावध राहावं लागतं. आफ्रिकेतलं वॉर्टहॉग दिसायला डुकरासारखं आणि राहतंही रानात, पण त्याची प्रजातीच वेगळी.

नावं लिहिताना आणखी एक गंमत कळते. सुस स्क्रोफा हे नाव निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये दिलं आणि ते प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमांनी चालतं. पक्सिनिया ग्रामिनिस हे बुरशीतज्ज्ञ पर्सूनने १७९४ मध्ये दिलं, आणि बुरशींची नावं आजही शैवाल व वनस्पतींच्याच नियमावलीखाली येतात. बुरशी वनस्पती नाही हे ठरून जमाना झाला, तरी कागदोपत्री तिचा पत्ता अजून जुनाच आहे.

पायरी २: नातं आधी काढा

ही पायरी लोक गाळतात, कारण दोघांत नातं असेल असं वाटतच नाही. पण नातं आहे, आणि अपेक्षेपेक्षा जवळचं. प्राणी आणि बुरशी हे एकाच मोठ्या गटातले, ऑपिस्थोकाँटा. या नावाचा अर्थ 'मागे शेपूट असलेले'. डुकराची शुक्रपेशी पोहते ती मागच्या एका शेपटीने ढकलत, आणि बुरशींमधल्या कायट्रिड नावाच्या जुन्या शाखेचे बीजाणूही तसेच पोहतात. तांबेऱ्याने ती शेपूट कधीच टाकून दिली आहे, कारण त्याचे बीजाणू वाऱ्यावर जातात. दोघांचा समाईक पूर्वज साधारण शंभर कोटी वर्षांपूर्वीचा किंवा त्याहूनही आधीचा.

म्हणजे गव्हाच्या खोडावरची ती तांबडी भुकटी गव्हापेक्षा डुकराची जवळची नातलग आहे. हे वाक्य तक्त्याच्या वर लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतं. साठवणीचं उदाहरण घ्या. गहू साखर साठवतो स्टार्चच्या रूपात. डुक्कर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन साठवतं, आणि बुरशीच्या पेशींतही ग्लायकोजेनच सापडतं. हिरवा रंग आणि स्वतःचं अन्न स्वतः बनवण्याची कला दोघांकडेही नाही. फरक पेशीच्या कडेला दिसतो. बुरशीच्या पेशीभोवती कायटिनची ताठ भिंत असते, तर डुकराच्या पेशीला नुसतं मऊ आवरण. कायटिन म्हणजे कीटकांच्या कवचातलं द्रव्य. या एका भिंतीने पुढचे बरेच प्रश्न सुटतात, ते चौथ्या पायरीत.

पायरी ३: 'एक' म्हणजे काय ते ठरवा

इथे घाई करू नका. एक रानडुक्कर म्हणजे काय, हे लहान मूलही सांगेल. एक तांबेरा म्हणजे काय?

शेतात काळा तांबेरा आला असेल तर खोडाच्या बाजूने नखाएवढे किंवा त्याहून लहान, लांबट फोड दिसतात. भिंगातून पाहिलं तर फोडाच्या कडेला खोडाची वरची साल फाटून उभी राहिलेली असते, पातळ पांढुरक्या कागदासारखी, आणि मध्ये विटकरी भुकटी. बोट फिरवा, बोटाला विटेचा रंग लागतो. त्या रंगातला प्रत्येक कण हा एक बीजाणू, आणि बोटावर आता असे हजारो आहेत. ते सगळे एकाच फोडातून, लैंगिक मीलनाशिवाय तयार झालेले, म्हणून जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ एकसारखे. वाऱ्याने यातला एखादा शेकडो किलोमीटरवरच्या शेतात पडला आणि तिथे फोड आला, तर तो नवा तांबेरा की तोच?

याचं एकच बरोबर उत्तर नाही, पण एक उत्तर निवडून ते लिहून ठेवावं लागतं. माझ्यापुरता नियम असा: आकार मोजायचा असेल तर एकक बीजाणू, आजार मोजायचा असेल तर एक फोड, आणि वंशाबद्दल बोलायचं असेल तर अख्खी क्लोनची साखळी. डुकराच्या बाबतीत तिन्ही प्रश्नांना एकच प्राणी पुरतो. हा फरक स्वतःच तक्त्यातली सर्वांत चांगली ओळ आहे.

एकक ठरवलं नाही तर आकड्यांची फसगत होते. रानडुक्कर दीड मीटर लांब आणि बीजाणू मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा, म्हणजे डुक्कर साठ हजार पट मोठं, असं लिहिता येतं आणि गणितही बरोबर आहे. पण एकक सोबत न लिहिता अख्ख्या प्राण्याची तुलना बीजाणूशी करणं म्हणजे झाडाची तुलना परागकणाशी करणं.

पायरी ४: अवयव विसरा, काम विचारा

'दात किती' ऐवजी 'अन्न आत कसं जातं'. 'पाय किती' ऐवजी 'इथून तिथे कसं पोहोचतं'. 'नर-मादी कशी ओळखावी' ऐवजी 'दोघांची जनुकं एकत्र कशी येतात'. असे पाच-सहा प्रश्न पुरतात. सगळे सारखे रसाळ निघत नाहीत. मला अन्न आणि पुनरुत्पादन हे दोनच खरे मोठे वाटतात, बाकीचे चार ओळींत आटोपतात.

अन्नापासून सुरू करू. रानडुकराला ४४ दात असतात. सस्तन प्राण्यांचा मूळचा पुरा संच त्याने राखून ठेवलाय, आणि मुळं, कंद, दाणे, अळ्या, उंदीर, मेलेलं जनावर, काहीही चालतं. नाकाचा चकतीसारखा शेंडा जमिनीत घालून ते माती उलथतं. अन्न आत घेतं, मग पोटात पचवतं. बुरशीला भिंत आहे, त्यामुळे तिला घास गिळताच येत नाही. बहुतेक बुरशी पाचक रस बाहेर सोडतात, अन्न बाहेरच विरघळवतात आणि मग शोषून घेतात. थोडक्यात, डुक्कर जेवण पोटात घेऊन फिरतं आणि बुरशी जेवणातच राहते.

तांबेरा या नियमाच्याही पुढे गेलाय. त्याचा बीजाणू ओल्या पानावर किंवा खोडावर रुजतो, त्यातून बारीक नळी निघते, ती पृष्ठभाग चाचपत पर्णरंध्रापर्यंत पोहोचते आणि तिथून आत शिरते. आत गेल्यावर कवकतंतू, म्हणजे बुरशीचे बारीक धागे, पेशींच्या फटींतून वाढतात आणि पेशीत एक छोटं बोंडासारखं चूषकांग घुसवतात. मजा अशी की ते पेशीची भिंत भेदतं, पण आतलं पडदा-आवरण फाडत नाही. हातमोज्यात बोट घालावं तसं ते आवरण चूषकांगाभोवती आत दबतं. त्या हातमोज्यातून साखर आणि अमिनो आम्लं तांबेऱ्याकडे जात राहतात आणि पेशी जिवंत राहते. पेशी मेली तर तांबेऱ्याचंही संपलं. म्हणूनच प्रयोगशाळेतल्या बशीत त्याला वाढवणं महाकठीण. त्याला जिवंत झाडच लागतं.

आता तक्त्यात काय लिहाल? 'दोघंही पिकाचं नुकसान करतात' हे खरं आहे पण पोकळ आहे. डुक्कर झाड उपटतं, खातं, पुढे जातं. झाड मेलं तरी त्याचं काही अडत नाही. तांबेऱ्याला झाड जगायला हवं, निदान त्याचे बीजाणू उडेपर्यंत. एक लुटारू, दुसरा फुकटचा भाडेकरू. शेतकऱ्याच्या हाती शेवटी कमीच येतं, पण एकाकडून मोडलेलं शेत आणि दुसऱ्याकडून सुरकुतलेले, न भरलेले दाणे.

पुनरुत्पादनाच्या ओळीला मी नेहमी जास्त जागा ठेवतो. डुकराचं सरळ आहे: नर, मादी, साधारण ११५ दिवसांचा गर्भकाळ, बहुधा चार ते सहा पिल्लं, अंगावर पिवळट पट्टे घेऊन जन्मलेली. काही महिन्यांत पट्टे जातात. तांबेऱ्याचं नीट मांडायला कागद आडवा धरावा लागतो. त्याचे बीजाणू पाच प्रकारचे आणि यजमान दोन: गहू आणि बार्बेरी, म्हणजे दारुहळदीच्या गोत्रातलं काटेरी झुडूप. गव्हावरच्या विटकरी बीजाणूंनी पुन्हा गहूच बाधतो आणि हंगामभर ही फेरी चालते. पीक पिकत आलं की त्याच फोडांत काळे, जाड कवचाचे, दोन कप्प्यांचे बीजाणू होतात. 'काळा' तांबेरा हे नाव त्यांच्यामुळेच. ते हिवाळा काढतात, रुजतात आणि त्यातून निघालेले नाजूक बीजाणू बार्बेरीच्या पानाला बाधतात. पानाच्या वरच्या बाजूला मधाळ थेंब येतात, त्यात चौथ्या प्रकारचे कण. माश्या ते एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर नेतात आणि मीलन तिथे घडतं. मग पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी पेल्यांचे घोस येतात आणि त्यातले बीजाणू गव्हाकडे जातात. पाच झाले.

बार्बेरी आणि गहू यांच्यातली ही साखळी एकाच जिवाची आहे, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अँटन डी बारी याने १८६५ मध्ये प्रयोगाने दाखवलं. त्याआधी बार्बेरीवरच्या नारिंगी पेल्यांना वेगळं नावच होतं, एसिडियम बर्बेरिडिस, जणू तो दुसराच जीव. त्या मधाळ थेंबांचं काम तर १९२७ मध्ये कॅनडात क्रेगी यांनी उलगडलं. एकाच बुरशीच्या वेगवेगळ्या रूपांना वेगवेगळी नावं देण्याची पद्धत २०११ च्या मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत मोडीत काढली गेली. डुकराच्या पट्टेदार पिल्लाला कुणी वेगळी जात म्हणत नाही, कारण आई शेजारी उभी असते. तांबेऱ्याची 'आई' दुसऱ्या झाडावर असते.

जनुकांच्या जोड्यांबद्दल एक इशारा. डुकराच्या प्रत्येक पेशीत दोन्ही पालकांची गुणसूत्रं एकाच केंद्रकात नांदतात. तांबेऱ्याच्या गव्हावरच्या रूपात पालकांची दोन केंद्रकं एकाच पेशीत शेजारी शेजारी राहतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. मिसळतात ती काळ्या बीजाणूंत. प्रत्येक केंद्रकात १८ गुणसूत्रं, दोन मिळून ३६. आणि पश्चिम युरोपातल्या रानडुकरांच्या पेशीतही ३६ गुणसूत्रं (इतरत्र बहुधा ३८). हा निव्वळ योगायोग आहे. आकडा जुळला की नातं जुळलं असं वाटण्याचा मोह इथेच आवरा.

फिरण्याचं, बचावाचं आणि उष्णतेचं उत्तर चटकन मिळतं. डुक्कर स्वतः चालतं, वास घेत, आणि ठरवून परततं. बीजाणू ठरवत काही नाही, हजारो किलोमीटर जातो आणि बहुतेक वेळा वाया जातो. नर डुकराच्या खांद्यापासून बरगडीपर्यंत कातडीची जाड ढाल असते आणि तोंडात एकमेकांवर घासून धारदार होणारे सुळे; तांबेऱ्याची ढाल म्हणजे त्या काळ्या बीजाणूचं कवच. डुक्कर अंग सुमारे ३९ अंश सेल्सिअसला राखतं, तांबेऱ्याचे बीजाणू साधारण १५ ते २४ अंशांत आणि काही तासांच्या दवात छान रुजतात. सस्तन प्राण्यांच्या अंगाची ऊब बहुतेक बुरशींना सोसत नाही, हेही इथेच नोंदवा.

पायरी ५: काळ एका मापात आणा

आयुर्मानाची ओळ काढून टाका, त्याऐवजी 'एका फेरीला किती दिवस' असं विचारा. गव्हावर बीजाणू पडल्यापासून नवा फोड फुटेपर्यंत अनुकूल हवेत एक ते दोन आठवडे लागतात. दहा दिवस धरा. डुकरीण एकदा गाभण राहून विते, तेवढ्यात तांबेऱ्याच्या अकरा फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक फोड हजारो बीजाणू सोडतो.

या एका आकड्यातून दोघांचा स्वभाव कळतो. कुंपण घातलं तर तेच डुक्कर दुसऱ्या रात्री कुंपणाची कमकुवत जागा हुडकतं. शिकणं एका मेंदूत घडतं. तांबेऱ्याला मेंदू नाही. त्याच्या असंख्य प्रतींपैकी एखादीत बदल होतो आणि ती प्रत फोफावते. १९९८ मध्ये युगांडात सापडलेला आणि १९९९ मध्ये नोंदवला गेलेला यूजी-९९ हा तांबेऱ्याचा वाण तसाच. गव्हाच्या अनेक जातींना वर्षानुवर्षं वाचवणारं एसआर-३१ हे प्रतिकारक जनुक त्याच्यापुढे चाललं नाही. म्हणून 'दोघंही परिस्थितीशी जुळवून घेतात' असं एकाच ओळीत लिहू नका. शिकणं वेगळं, पिढ्यांमधून बदलणं वेगळं.

पायरी ६: मोठे आकडे लिहिण्याआधी शेजारचा आकडाही बघा

डुकराचा जनुकसंच सुमारे २५० ते २७० कोटी डीएनए-अक्षरांचा, तांबेऱ्याचा एका केंद्रकामागे सुमारे ८.९ कोटींचा. तीसपट फरक. इथे थांबलं की वाचक म्हणतो, साहजिक आहे, डुक्कर किती गुंतागुंतीचं! पण जनुकांची संख्या घ्या: डुकरात वीस हजारांच्या वर आणि तांबेऱ्यात १८ हजारांच्या आसपास. पुस्तक तीसपट जाड, शब्द मात्र जवळपास तेवढेच. एकटा आकडा खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो, म्हणून मी प्रत्येक आकड्याशेजारी त्याचा भाऊ लिहिल्याशिवाय तक्ता पुढे नेत नाही.

पायरी ७: दोघांनाही प्रत्यक्ष पाहा, निदान त्यांच्या खुणा

रानडुक्कर दिसायची वाट पाहू नका, आणि पिल्लं असलेल्या मादीच्या वाटेला तर जाऊच नका. खुणा पुरतात: नांगरल्यासारखी उलथलेली माती, पुढच्या दोन खुरांच्या मागे बाजूला उमटलेले छोट्या खुरांचे ठसे, चिखलाचं डबकं आणि जवळच्या झाडाच्या बुंध्यावर कमरेएवढ्या उंचीपर्यंत वाळलेला चिखल. जवळ जाऊन बघा, चिखलात राठ केस अडकलेले असतात, टोकाला दोन-तीन फाटे फुटलेले. तांबेऱ्यासाठी दहापट भिंग घ्या. पारदर्शक चिकटपट्टी फोडावर दाबून उचला आणि काचेवर लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. लांबट, अंगावर बारीक काटे असलेले बीजाणू दिसतील. हात आणि कपडे धुवूनच दुसऱ्या शेतात जा, नाहीतर माश्यांचं आणि वाऱ्याचं काम तुम्हीच कराल.

पायरी ८: तक्ता तपासा

तक्ता झाल्यावर 'लागू नाही' शोधा. एकही असेल तर ती ओळ खोडा किंवा प्रश्न नव्याने मांडा. मग प्रत्येक ओळीतले 'दोघंही' हे शब्द शोधा आणि विचारा, कुणाच्या दृष्टीने? 'दोघंही पसरतात' या वाक्यात डुकराचं पसरणं म्हणजे कळपाचं नवीन रानात जाणं आणि तांबेऱ्याचं म्हणजे एकाच जनुकसंचाच्या प्रती उडणं.

शेवटी एक खोडी. वरची दोन नावं कागदाच्या पट्टीने झाका आणि विषयाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी तक्ता वाचायला द्या. माझा नवा तक्ता मी असाच एका मुलाला दाखवला. 'अन्न: यजमानाच्या पेशीला न मारता तिच्यातून साखर ओढतो' या ओळीवर त्याने विचारलं, "हा गोचीड आहे का?" उत्तर चुकलं, पण त्याच्या डोक्यात जो जीव आला तो खरंच तांबेऱ्यासारखा जगतो. डुकराचा रकाना त्याने तिसऱ्या ओळीलाच ओळखला.